पुढून मोटार, मागून पिकअप : जुन्या गाड्यांचे दुर्मिळ भाग भोपाळात शोधताना काय बघायचं, काय जपायचं

भोपाळ : गेल्या महिन्यात पांढुर्ण्याहून एका वाचकाचा फोन आला. "भाऊ, आजोबांची स्टँडर्ड व्हॅनगार्ड आहे आमच्याकडं. पुढून मोटार, मागून हौदा. संत्र्याच्या पेट्या न्यायला आजोबांनी त्या काळी ती कापून घेतली होती. आता मी तिला परत उभी करतोय. मेकॅनिक म्हणतो, हौदा उडवा, भोपाळातून मागचा भाग आणा, पुन्हा मोटार करा, तरच किंमत येईल. मागचा फाळका पार सडलाय. तो रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकतो. तुम्ही भोपाळात असता, तेवढं मागच्या भागाचं बघता का?"

मी म्हटलं, "बघतो. पण रविवारी फाळका देऊ नका, एवढं ऐका."

असं म्हणण्यामागं माझीच एक जुनी चूक आहे. १९९९ साली मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. मामांच्या आवारात अशीच एक जुनी डॉज पडलेली होती. पुढून मोटार, मागून हौदा. मामांनी विचारलं, "हिशोबाचं शिकतोस ना, सांग, हिचे किती येतील?" मी वही काढली, वजन गुणिले भाव मांडलं आणि मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. हौदा, फाळका, केबिनची मागची भिंत, सगळं किलोनं गेलं. पुढचा भाग उरला होता. वर्षभरानं एक हौशी गृहस्थ तो बघायला आले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मागचं कुठं आहे?" मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या गृहस्थांनी जाताना सांगितलं ते अजून लक्षात आहे. पुढचं कुठंही मिळेल हो, मागचं कुठून आणू?

या लेखाचं सार तेवढंच आहे. अशा गाडीचा पुढचा भाग कारखान्याचा असतो, मागचा भाग मिस्त्रीचा असतो. कारखान्यानं एकसारखे हजारो बॉनेट काढले. मिस्त्रीनं तो फाळका एकच केला. म्हणून दुर्मिळ काय ते आधी ओळखायचं, मग बाजारात जायचं.

मोटारी कापल्या का?

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियात १९३० च्या दशकात एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिल्याची गोष्ट सांगतात. रविवारी चर्चला नेईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेईल अशी एकच गाडी द्या, असं तिचं मागणं होतं. त्यावरून ल्यू बँट या तरुण डिझायनरनं पुढून मोटार आणि मागून हौदा अशी गाडी काढली. १९३४ मध्ये ती बाजारात आली. ऑस्ट्रेलियात अशा गाडीला आजही 'यूट' म्हणतात. अमेरिकेत स्टुडबेकरनं १९३७ ते १९३९ या काळात 'कूप एक्सप्रेस' काढली, पुढं १९५७ मध्ये फोर्डची 'रँचेरो' आणि १९५९ मध्ये शेवरलेची 'एल कॅमिनो' आली. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात कितीतरी जड मोटारी कापून त्यांच्या ॲम्ब्युलन्स आणि सामानाच्या गाड्या केल्या गेल्या.

आपल्याकडं गरज तीच होती, पण गाडीच नव्हती. फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्या स्वातंत्र्याआधीपासून भारतात सुटे भाग आणून गाड्या जोडत होत्या. जनरल मोटर्सचं मुंबईतलं काम १९२८ ला सुरू झालं होतं. १९५० च्या दशकात सरकारनं धोरण घेतलं की इथं गाडी प्रत्यक्ष बनवणार असाल तरच राहा, आणि या दोन्ही कंपन्या गेल्या. उरल्या त्यात उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. हलकी मालगाडी तर सहज मिळतच नव्हती. मग वरूड-मोर्शीचा बागाईतदार असो, बैतूलचा लाकडाचा ठेकेदार असो की गावोगाव माल पोचवणारा किराणा व्यापारी असो, जुनी झालेली मोटार घ्यायची, मागून कापायची आणि हौदा चढवायचा, हा सोपा रस्ता होता. लग्नाला नवरदेव पुढं, बाजाराला पेट्या मागं.

कुठली गाडी कापली, ते आधी बघा

हा मुद्दा समजला की निम्मी फसवणूक टळते. जुन्या गाड्यांचे दोन प्रकार. पहिल्या प्रकारात खाली लोखंडी चौकट, म्हणजे चेसिस वेगळी आणि वरचा पत्रा वेगळा. १९४० च्या दशकातल्या शेवरले, डॉज, प्लिमथ आणि पहिल्या काळातली व्हॅनगार्ड या प्रकारच्या. यात मागचा पत्रा कापला तरी भार चेसिसवरच राहतो. हौदा नीट बसतो आणि गाडी वर्षानुवर्षं टिकते.

दुसऱ्या प्रकारात वेगळी चेसिस नसते. तळ, बाजू, छत मिळूनच गाडीची ताकद होते. अँबेसेडर, तिच्या आधीची लँडमास्टर, फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी या प्रकारच्या. इथं छत आणि मागची बाजू कापली की मधल्या खांबापाशी गाडी वाकायला लागते, दारं लागत नाहीत. चांगल्या मिस्त्रीनं खाली लोखंडी नळ्या किंवा चॅनेल घालून ती मजबूत केलेली असते. म्हणून अशी पिकअप बघायला गेलात की आधी खाली वाकून तळ बघा. मग दार उघडून बंद करून बघा. दार बंद करताना वर उचलावं लागलं, तर कंबर वाकली आहे असं समजा.

अँबेसेडरच्या सामग्रीवर हिंदुस्थान मोटर्सनं स्वतःही 'ट्रेकर' आणि 'पोर्टर' अशा कामाच्या गाड्या काढल्या होत्या. त्या कारखान्याच्या गाड्या. त्यांचे भाग आणि गल्लीतल्या मिस्त्रीनं कापलेल्या अँबेसेडरचे भाग एक समजू नका. विकणारा बऱ्याचदा दोन्हीला एकच नाव सांगतो.

दुर्मिळ काय, सहज मिळणारं काय?

पांढुर्ण्याच्या वाचकांना मी एक यादी करायला लावली. ती सगळ्यांच्याच कामाची आहे.

पुढचा सगळा भाग मोटारीचाच असतो. जाळी, बॉनेट, पुढचे मडगार्ड, दिव्यांच्या रिंगा, पुढची दारं, डॅशबोर्ड, मोनोग्राम. हे महाग असेल, शोधायला वेळ लागेल, पण त्या मॉडेलची कुठलीही मोटार सापडली की ते मिळतं.

इंजिनाचं तर व्हॅनगार्डच्या बाबतीत आपल्या शेतकरी वाचकांना बरं वाटावं असं आहे. तिचं पेट्रोल इंजिन आणि जुन्या फर्ग्युसन टीईए२० ट्रॅक्टरचं इंजिन एकाच घराण्यातलं. जुना ट्रॅक्टर मिस्त्री ते बघताच ओळखतो. इंजिनासाठी भोपाळ गाठायची गरजच पडणार नाही कदाचित.

खरे दुर्मिळ भाग मागचे. ते असे :

१. केबिनची मागची भिंत आणि तिची काच. हुशार मिस्त्री नवी भिंत बनवत नसत. मोटारीचं छत कापायचे आणि मागच्या काचेसकट मागचा तुकडा पुढं सरकवून पुढच्या दारांमागं जोडायचे. त्यामुळं छताची गोलाई मूळचीच राहायची. अशी भिंत ओळखता येते. काचेचा आकार हुबेहूब मोटारीच्या मागच्या काचेसारखा असतो आणि छताला आडवा जोड असतो. हे चांगल्या कामाचं लक्षण आहे. जोड दिसला म्हणून तो भाग टाकू नका.

२. मागचे मडगार्ड. बऱ्याच मिस्त्रींनी मोटारीचेच मागचे मडगार्ड ठेवून मधे हौदा बसवला. हे मडगार्ड त्याच मॉडेलचे आणि त्याच काळातले लागतात. एकाच नावाच्या गाडीचं मागचं अंग काही वर्षांनी बदललेलं असतं. व्हॅनगार्डचंच घ्या, पहिल्या प्रकारची पाठ उतरती आहे, १९५३ पासूनच्या दुसऱ्या प्रकारची डिकी बाहेर आलेली आहे. एकाचे मडगार्ड दुसऱ्याला बसत नाहीत.

३. मागच्या दारांपासून केलेल्या बाजू. चार दारांच्या मोटारीतली मागची दारं काढली की तिथं खिंडार पडतं. काही मिस्त्री दाराचा खालचा अर्धा भाग तिथंच वेल्ड करून बाजू बंद करत. बाजूला दाराच्या रेघा दिसल्या तर समजा.

४. फाळका, त्याच्या बिजागऱ्या, साखळ्या आणि कडी. पूर्णपणे हातचं काम. आकार, पन्हळ, दुमड, सगळं त्या एका मिस्त्रीचं.

५. हौद्याचा तळ. बहुतेक ठिकाणी लाकडी फळ्या आणि वर लोखंडी पट्ट्या. फळ्या कुजतात, पट्ट्या उरतात. पट्ट्यांवरची भोकं म्हणजे फळ्यांचं माप असतं. त्या फेकू नका.

काचेबद्दल एक वेगळं सांगतो. मागची काच सपाट असेल तर चिंता नाही. लॅमिनेटेड काच मापानं कापून मिळते. वळणदार असेल तर ती त्या गाडीचीच शोधावी लागते. आणि टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, चुरा होतो. मोठी काच घेऊन कापून बसवू, असं कुणी म्हणालं तर ती कुठल्या प्रकारची आहे हे आधी विचारा.

भोपाळच का?

भोपाळात जुन्या गाड्या येण्याचे तीन रस्ते होते. पहिला संस्थानाचा. नवाब हमीदुल्ला खान १९२६ ते १९४९ गादीवर होते आणि शिकारीचे शौकीन होते. भोपाळजवळची चिकलोदची कोठी त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या काळात संस्थानांमध्ये मोटारीचा मागचा भाग उघडा करून, बाजूला मोठे दिवे लावून शिकारीची गाडी करायची पद्धत सगळीकडं होती. १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर देशभर अशा कितीतरी गाड्या हातोहात विकल्या गेल्या.

दुसरा रस्ता सरकारचा. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला आली. नागपूरची कितीतरी मराठी कारकून-अधिकारी कुटुंबं तेव्हा इकडं आली, त्यांची दप्तरं आली, सरकारी गाड्याही आल्या. तिसरा रस्ता भेलचा. १९५६ मध्येच हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, पिपलानी-बरखेडाच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि शेजारी गोविंदपुऱ्यात लहान कारखाने वाढले.

म्हणून भोपाळात दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं. जुन्या शहरातला कबाडखाना भाग आणि त्याच्या आसपासच्या गल्ल्या जुना भाग शोधायला. गोविंदपुऱ्याचा औद्योगिक परिसर न मिळालेला भाग बनवून घ्यायला. पहिल्या ठिकाणी डोळे लागतात, दुसऱ्या ठिकाणी माप.

बोलीचंही लक्षात ठेवा. आपण ज्याला फाळका म्हणतो त्याला इथं 'डाला' म्हणतात. छोट्या मालगाडीला 'लोडिंग गाडी' म्हणतात. "पिकअप का डाला" म्हणालात तर नव्या बोलेरो पिकअपचा फाळका दाखवतील. "पुरानी कार काट के बनी लोडिंग का डाला" असं सांगावं लागतं. आणि जुन्या मिस्त्रीला 'उस्ताद' म्हणा, काम लवकर होतं.

एका उस्तादांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "किलो में चाहिए कि नग में?" मला मामांची डॉज आठवली. जुन्या पत्र्याचा सगळा व्यवहार या एका प्रश्नात आहे. भाग ओळखीचा असेल तर नगाचा भाव, नसेल तर किलोचा. हौद्याचे भाग बिननावाचे, म्हणून ते बहुतेक वेळा किलोत जातात आणि भट्टीत वितळतात. हिशोबाच्या वहीत आपण घसारा लावत लावत वस्तू एक रुपयावर आणतो. पण ती वस्तू परत करायला किती लागेल, याचं वहीत कुठं खातंच नसतं.

खरं जुनं की नवं करून जुनं?

आता जुन्या गाड्यांना भाव आला आहे, म्हणून गेल्या वर्षी बनवलेला फाळका "साठ वर्षांपूर्वीचा" म्हणूनही विकला जातो. चार गोष्टी तपासा.

जोड बघा. जुन्या कामात रिव्हेट, गॅस वेल्डिंग किंवा दुमडून ठोकलेली कड असते. सलग, एकसारखी, जाड वेल्डिंगची माळ दिसली तर काम अलीकडचं असू शकतं. जुन्या भागाची नंतर दुरुस्तीही झालेली असते, म्हणून एकाच जोडावरून निकाल देऊ नका.

बोल्ट बघा. जुन्या इंग्रजी-अमेरिकी गाड्यांवर इंची आट्यांचे बोल्ट असतात. मिलिमीटरचा पाना तिथं नीट बसत नाही. बिजागरीचे सगळेच बोल्ट मिलिमीटरचे असतील तर प्रश्न विचारा.

रंगाचे थर बघा. कोपऱ्यात नाण्यानं थोडं खरवडलं की खालचे रंग दिसतात. सगळ्यात खाली शेंदरी अस्तर असेल तर ते बहुधा शिशाचं आहे. हा भाग कोरडा घासू नका. पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. शिशाची धूळ अंगात गेली की निघता निघत नाही.

पुट्टी बघा. साधं लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं ते सुटतं तिथं पत्रा नाही, जाड पुट्टी आहे.

आणि माप नेहमी कागदावरचं न्या. तपकिरी कागद गाडीवर धरून कडा पेन्सिलीनं घासून घ्या. कारागीर त्याला फर्मा म्हणतात. मोबाइलवरचा फोटो बाजारात फक्त आकार सांगतो, माप सांगत नाही.

आधी कागद, मग पत्रा

आता सगळ्यात महत्त्वाचं. आज नवी-जुनी कुठलीही मोटार कापून पिकअप करायच्या भानगडीत पडू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत लिहिलेलं आणि कंपनीनं ठरवलेलं गाडीचं मूळ रूप मनानं बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आपण बोलतोय ते फक्त पूर्वीच कापलेल्या गाड्या जपण्याबद्दल.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, नूतनीकरणाची ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. अर्ज फॉर्म २० मध्ये करायचा. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांनाच बाहेर काढता येते.

पण त्यात एक अट आहे, गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नको. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी कापलेली आजोबांची पिकअप या व्याख्येत अडकते. जुन्या वाहनांची 'फिवा' ही आंतरराष्ट्रीय संघटना 'त्या काळातच बदललेली गाडी' असा वेगळा वर्ग मानते. आपल्या नियमाच्या व्याख्येत असा कप्पा नाही. म्हणून जुन्या आरसीत 'बॉडीचा प्रकार' या रकान्यात काय लिहिलं आहे ते आधी वाचा. तिथं त्या काळीच पिकअप किंवा डिलिव्हरी व्हॅन अशी नोंद झाली असेल, तर तुमच्या बाजूनं तो सगळ्यात मोठा पुरावा. मोटार कार लिहिलं असेल आणि गाडीला हौदा असेल, तर खर्च करण्याआधी आरटीओत लेखी विचारा. एजंटाच्या तोंडी शब्दावर कापाकापी करू नका. मेकॅनिकचा "परत मोटार करा" हा सल्लाही याच भीतीतून येतो. पण बाहेरून आणलेला मागचा भाग जोडला म्हणजे गाडी मूळची झाली, असं कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. उलट आजोबांचा बदल गेला आणि तुमचा नवा बदल आला, एवढंच होतं.

आपले वाचक सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, म्हणून हेही सांगतो. वरूडची गाडी पांढुर्ण्यात किंवा पांढुर्ण्याची वरूडला १२ महिन्यांहून जास्त ठेवायची असेल, तर तिथला नंबर घ्यावा लागतो आणि त्यासाठी मूळ आरटीओची ना-हरकत लागते. गाडी घेण्याआधी हे कागद मागा. आरसी हरवली असेल तर आधी दुय्यम प्रत काढायला लावा, मग पैसे द्या.

सुटे भाग घेतानाही पावती मागा. साध्या कागदावर का होईना, विकणाऱ्याचं नाव, तारीख, भागाचं वर्णन आणि सही घ्या. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी देशभर बदनाम होता, २०२१ च्या डिसेंबरात पोलिसांनी तो बंद पाडला. चोरीचा माल माहीत असून घेणं हा गुन्हा आहे. फोटो, पावती आणि फर्मा एकाच फाइलीत ठेवा. उद्या विकायची वेळ आली तर या फाइलीचीही किंमत येते.

पांढुर्ण्याच्या फाळक्याचं काय झालं?

भोपाळात मी तीन वेळा फिरलो. व्हॅनगार्डचा मागचा संपूर्ण भाग मिळाला नाही. डावा मागचा मडगार्ड एका ठिकाणी मिळाला. कागदी फर्मा लावून बघितला तर दोन बोटं कमी पडला, दुसऱ्या प्रकारच्या गाडीचा निघाला. उस्ताद हसून म्हणाले, "कागज न लाते तो ले ही जाते." खरंच, फर्मा नसता तर मी तो घेऊन आलो असतो.

गोविंदपुऱ्यात एका पत्र्याच्या कामाच्या दुकानात फाळका बनवून मिळेल असं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "जुना आहे का? सडका असला तरी चालेल. तुटका असेल तर तुकडे आणा. दुमड कशी घेतली, पन्हळ किती खोल, हे त्याच्यावरूनच कळतं."

मी पांढुर्ण्याला फोन लावला. फाळका अजून गोठ्याला टेकवून ठेवलेला होता. त्यांनी सांगितल्याप्रमाणं पाण्यानं घासला, तर निळ्या रंगाखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली पांढऱ्या अक्षरांत आजोबांचं नाव आणि 'संत्रा बाग' एवढं वाचता आलं. घरातल्या कुणालाच ते माहीत नव्हतं. आता मोटार परत करायचा विचार त्यांनी सोडला आहे. आरसीत काय लिहिलं आहे ते बघण्यासाठी जुनी पेटी उघडायची आहे म्हणाले. नव्या फाळक्याच्या मापासाठी जुना फाळका भोपाळला येईल आणि काम झालं की परत जाईल.

तुमच्याही वाड्यात, गोठ्यात, शेतातल्या खोपीत असा एखादा बिननावाचा पत्रा असेल. बिजागरी असेल, साखळी असेल, अर्धं मागचं दार असेल. भंगारवाला दारात आला की वजनाआधी एकदा विचारा, हा कुठल्या गाडीचा? घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांनाच विचारा. उत्तर मिळेपर्यंत तो किलोत देऊ नका.